गाणं जपायचं कुणी?

पौड, पिरंगुट, कोळवण खोरं, ताम्हिणीपर्यंतच्या वाड्यावस्त्या, जिथं जिथं आपला आवाज पोचतो तिथल्या सगळ्या जणींना नमस्कार. कुणी भाजी निवडत ऐकत असाल, कुणी कंपनीतून येऊन जरा पाय पसरून बसला असाल. हातातलं काम चालू ठेवा आणि ऐका.

आज एका चित्रपटाविषयी बोलायचं आहे. त्यात हिरो नाही, हिरॉईन नाही, मारामारीचा सेट नाही. जी माणसं दिसतात ती खरी आहेत, जी गाणी ऐकू येतात ती त्या माणसांनी स्वतःच्या गळ्यानं गायलेली आहेत. अशा चित्रपटाला माहितीपट म्हणतात. या माहितीपटाचं नाव ‘जय भीम कॉम्रेड’. दिग्दर्शक आनंद पटवर्धन. हा चित्रपट करायला त्यांना चौदा वर्षं लागली. १९९७ साली काम सुरू झालं आणि २०११ साली ते पुरं झालं. लांबी तीन तासांच्या आसपास.

आमच्या बचत गटात हा चित्रपट लावायचा असं ठरलं, तेव्हा पहिला प्रश्न आला तो असा : “अगं, हे त्यांचं आहे. आपलं काय त्यात?” आपल्या गटात मराठा आहेत, बौद्ध आहेत, कातकरी आहेत, मातंग आहेत, धनगर आहेत. बँकेत आपण एकाच वहीवर सह्या करतो, कर्जाचा हप्ता एकीचा चुकला तर सगळ्या मिळून भरतो. पण गाण्याची, सणाची गोष्ट निघाली की ‘त्यांचं’ आणि ‘आपलं’ सुरू होतं. म्हणूनच मला आज या चित्रपटाविषयी सविस्तर सांगायचं आहे.

आधी जत्रेचं बोलू, कारण जत्रा आपल्या सगळ्यांना ठाऊक आहे. चैत्र लागला की आपल्या मुळशीत एकेका गावाची जत्रा सुरू होते. ग्रामदैवताची पालखी, रात्री छबिना, दुसऱ्या दिवशी कुस्त्यांचा आखाडा, कुठं तमाशा. माहेरवाशिणी येतात, पुण्या-मुंबईला गेलेली माणसं येतात. आता जुन्या बायकांना विचारा, या जत्रेत कोण कुठं उभं राहायचं? हलगी वाजवणारा कोण, लाकडं वाहणारा कोण, आणि देवळाच्या पायरीपर्यंत कुणाला जाता यायचं? ज्यांच्या हलगीशिवाय पालखी हलत नव्हती, त्यांनाच देवळात जागा नव्हती. तमाशातला ढोलकीवाला, नाचणारी, सोंगाड्या, यांतले बहुतेक महार, मांग, कोल्हाटी समाजाचे. त्यांची कला सगळ्यांना हवी होती, त्यांना मान द्यायला मात्र कुणी तयार नव्हतं.

मग ज्यांना जत्रेत मान नव्हता त्यांनी आपली वेगळी जत्रा उभी केली. चौदा एप्रिलची जयंती, सहा डिसेंबरला दादरची चैत्यभूमी, दसऱ्याच्या सुमारास नागपूरची दीक्षाभूमी. चैत्यभूमीला कधी गेला असाल तर तुम्ही पाहिलं असेल. शिवाजी पार्कवर लाखो माणसं येतात. नवस नाही, बकरं नाही, अंगात येणं नाही. ओळीनं पुस्तकांचे स्टॉल. पायात साधी चप्पल, डोक्यावर पदर, अशी बाई दहा-वीस रुपयांची पुस्तिका विकत घेते. स्वतःला वाचता येत नसेल तर नातवासाठी घेते. दुसरीकडं गाणी चाललेली असतात. कुणी स्टेज बांधलेला असतो, कुणी नुसतं सतरंजीवर बसून पेटी-ढोलकी घेऊन गातं. प्रसाद म्हणून पुस्तक घरी न्यायचं आणि आरतीच्या जागी गाणं म्हणायचं, अशी ही जत्रा आहे. बाबासाहेबांची पहिली सार्वजनिक जयंती १९२८ साली आपल्या पुण्यात जनार्दन सदाशिव रणपिसे यांनी साजरी केली, असं मानलं जातं. म्हणजे ही रीत शंभर वर्षांच्या घरात आली आहे, आणि ती सुरू झाली आपल्या जिल्ह्यात.

तिची मुळं त्याच्याही मागं जातात. २४ सप्टेंबर १८७३ रोजी पुण्यात जोतीराव फुल्यांनी सत्यशोधक समाज स्थापन केला. पुढं १८८५ मध्ये न्यायमूर्ती रानड्यांच्या पुढाकारानं पुण्यात मराठी ग्रंथकारांची सभा भरायची होती, तिचं आमंत्रण जोतीरावांना गेलं. ते गेले नाहीत. त्यांनी पत्र पाठवलं. त्याचा मतलब असा की, जे लोक शूद्रातिशूद्रांना माणुसकीचे हक्क द्यायला तयार नाहीत, त्यांच्या सभेशी आणि त्यांच्या पुस्तकांशी आमचं जमायचं नाही. आमचं दुःख आम्हालाच मांडावं लागेल. आज जी वेगळी संमेलनं भरतात, त्यांची सुरुवात या एका पत्रात आहे.

पण मांडायचं कसं? वाचता येणारे थोडे होते. तेव्हा सत्यशोधकांनी लोकांच्या ओळखीची चीज उचलली, ती म्हणजे तमाशा. गण, गवळण, बतावणी, वग हा साचा तोच ठेवला, आतला माल बदलला. देवादिकांच्या जागी शिक्षण आलं, सावकाराची लबाडी आली, लग्नातला फाजील खर्च आला. याला नाव पडलं जलसा. गावातल्या माणसाला वाटायचं तमाशा बघायला चाललो आहोत, आणि परत येताना तो मुलाला शाळेत घालायचं डोक्यात घेऊन यायचा.

बाबासाहेबांची चळवळ सुरू झाल्यावर याच वाटेनं आंबेडकरी जलसे निघाले. नाशिककडचे भीमराव कर्डक यांचा जलसा १९३० च्या दशकात गावोगाव फिरला. पुढं वामनदादा कर्डक आले. सिन्नर तालुक्यातल्या देशवंडीचे. लहानपणी शाळा नाही, मोठेपणी अक्षरओळख झाली, आणि मग आयुष्यभर गाणी लिहिली, हजारोंनी लिहिली. दुसऱ्या बाजूला अण्णाभाऊ साठे, अमर शेख आणि द. ना. गव्हाणकर यांचं लाल बावटा कलापथक होतं, ते १९४४ सालचं. अण्णाभाऊ वाटेगावचे, मातंग समाजाचे, मुंबईच्या गिरणीत राबलेले. १९५८ मध्ये मुंबईत पहिलं दलित साहित्य संमेलन भरलं, त्याचं उद्घाटन अण्णाभाऊंनी केलं. १९९९ मध्ये धारावीत पहिलं विद्रोही साहित्य संमेलन भरलं. धारावी म्हटल्यावर लोकांना झोपडपट्टी आठवते, तिथं साहित्याचं संमेलन झालं. हा सगळा एकच धागा आहे. मोठ्या मांडवात जागा नाही मिळाली तर आपला मांडव आपण घालायचा.

आता चित्रपटाकडं येऊ. ११ जुलै १९९७. मुंबईत घाटकोपरला रमाबाई आंबेडकर नगर नावाची वस्ती आहे. सकाळी लोक उठून बघतात तर बाबासाहेबांच्या पुतळ्याला चपलांचा हार. लोक चिडले, हमरस्त्यावर आले. राज्य राखीव पोलीस दलाची तुकडी आली आणि तिनं गोळीबार केला. दहा माणसं गेली. त्यांतली काही तर रस्त्यावर नव्हतीच, आपल्या वस्तीच्या गल्लीत होती. पुढं चौकशी आयोग बसला, खटला चालला. २००९ मध्ये सत्र न्यायालयानं गोळीबाराचा हुकूम देणाऱ्या पोलीस अधिकाऱ्याला जन्मठेप सुनावली, नंतर त्याला वरच्या कोर्टातून जामीन मिळाला. बारा वर्षं त्या वस्तीतल्या बायका कोर्टाच्या तारखा मोजत होत्या. चित्रपटात त्या बोलतात. रडून सांगत नाहीत, हिशेब सांगावा तसं सांगतात. कोण कुठं उभं होतं, कुणाला गोळी कुठं लागली, पोरगं काय आणायला बाहेर गेलं होतं. ते बघताना आमच्यातल्या एकीनं पदर तोंडाला लावला तो शेवटपर्यंत काढला नाही.

गोळीबारानंतर चार दिवसांत एका गाणाऱ्यानं गळफास घेतला. त्यांचं नाव विलास घोगरे. डाव्या चळवळीतले शाहीर. आयुष्य गरिबांची गाणी गाण्यात गेलं, आणि मरताना त्यांनी डोक्याला निळं फडकं बांधलं होतं. ते असं का गेले, हा प्रश्न घेऊन पटवर्धनांनी चित्रपट सुरू केला. चळवळीतल्या आपल्याच गटानं त्यांना दूर केलं होतं, ते दुःखही त्यांच्या मनात होतं. लाल झेंड्याखाली गाताना आपली जात काही सुटली नाही, आणि निळ्या झेंड्याखालची माणसं मारली गेली तेव्हा ती आपलीच होती, हे त्यांना सहन झालं नसावं. चित्रपटाच्या नावात ‘जय भीम’ही आहे आणि ‘कॉम्रेड’ही आहे ते यासाठी. या दोन शब्दांत जे अंतर आहे, त्यात एक माणूस सापडला.

आता एक गोष्ट नीट ऐका, कारण माझं पुढचं सगळं बोलणं तिच्यावर उभं आहे. पटवर्धनांनी १९८५ मध्ये मुंबईतल्या झोपडपट्ट्या पाडण्यावर एक माहितीपट केला होता, ‘हमारा शहर’. त्यात विलास घोगरे गाताना दिसतात. कॅमेरा तिथं होता म्हणून त्यांचा चेहरा, त्यांचा आवाज, गाताना वर जाणारी मान, हे सगळं राहिलं. बारा वर्षांनी ते गेले तेव्हा ती फीत हाताशी होती. ती नसती तर? मग घोगरे म्हणजे वर्तमानपत्रातली एक बातमी, ‘शाहिराची आत्महत्या’. गाणारा जातो तेव्हा त्याचं गाणं कुणीतरी जपलं असेल तरच मागं उरतं. आणि जपलं गेलं ते पुष्कळदा योगायोगानं.

हा योगायोग बायकांच्या वाट्याला आणखी कमी येतो. जलशाचा इतिहास वाचताना नावं बघा. भीमराव, वामनदादा, अण्णाभाऊ, अमर शेख. बायका कुठं आहेत? जलशात बाईचं काम पुरुषच साडी नेसून करायचे. याला कारण होतं, आणि ते कारण साधंसुधं नव्हतं. तमाशात नाचणारी बाई बहुतेक करून खालच्या मानलेल्या जातीची. तिच्या नाचावर फड चालायचा आणि तिच्याच अब्रूवर गाव बोलायचं. पठ्ठे बापूराव आणि पवळा यांची जोडी तुम्ही ऐकून असाल. बापूराव जातीनं ब्राह्मण, पवळा महार. पठ्ठे बापूरावांनी तमाशाच्या उत्पन्नातून चळवळीला पैसे देऊ केले तेव्हा बाबासाहेबांनी ते नाकारले, असं सांगतात. आमच्या बायकांना नाचवून आलेला पैसा चळवळीला नको, हा त्यामागचा विचार. बाईला त्या बाजारातून बाहेर काढायचं होतं, म्हणून नव्या जलशाच्या स्टेजवर बाई नको असं ठरलं.

हेतू चांगला होता, त्याबद्दल मला शंका नाही. पण झालं काय? जिच्या इज्जतीसाठी हे सगळं केलं, तिचाच आवाज स्टेजवरून गेला. ती समोर सतरंजीवर बसून ऐकू लागली. गाणं तिच्याविषयी होतं, रमाईच्या गोवऱ्यांविषयी होतं, सावित्रीबाईंवर फेकलेल्या शेणाविषयी होतं, आणि गाणारा गळा पुरुषाचा होता.

मग बायका गात नव्हत्या का? गात होत्या की. जात्यावर गात होत्या, पाळण्यापाशी गात होत्या, लावणीला चिखलात उभ्या राहून गात होत्या. बाबासाहेबांवरच्या ओव्या मराठवाड्यातल्या बायकांनी दळताना रचल्या. भीमाला भाऊ मानलं, त्याच्या मोटारीचं, कोटाचं, पुस्तकाचं कौतुक केलं. कुणी त्याला जलसा म्हटलं नाही, कारण तिकडं स्टेज नव्हता आणि टाळ्या नव्हत्या. ऊर्मिला पवार आणि मीनाक्षी मून या दोघींनी आंबेडकरी चळवळीतल्या बायकांना शोधून, त्यांच्या घरी जाऊन, त्यांच्या आठवणी गोळा केल्या. ‘आम्हीही इतिहास घडवला’ हे ते पुस्तक, १९८९ सालचं. ‘आम्हीही’ या शब्दातला शेवटचा ‘ही’ बघा. तेवढ्या एका अक्षरात किती वर्षांचं बोलायचं राहिलेलं आहे! पुणे विद्यापीठात शर्मिला रेगे होत्या, २०१३ मध्ये गेल्या. त्यांनीही जयंतीच्या मांडवातली गाणी, स्टॉलवरच्या स्वस्त पुस्तिका यांच्याकडं अभ्यासाचा विषय म्हणून पाहिलं. विद्यापीठाला जे हलकं वाटायचं त्यातच खरं ज्ञान आहे, असं त्यांचं म्हणणं होतं.

आणि मग या चित्रपटाच्या उत्तरार्धात एक मुलगी हातात डफ घेऊन पुढं येते. शीतल साठे. पुण्याची. कबीर कला मंचाची. हा मंच गुजरातच्या दंगलीनंतर २००२ मध्ये पुण्यात तरुण मुलामुलींनी सुरू केला. शीतल मागं टाळ्या धरत नाही, कोरसमध्ये उभी नाही. मधोमध उभी राहून ती गाते, आणि बाकीचे तिच्यामागं धरतात. तिच्या गाण्यात आई असते, जात असते, खैरलांजी असते. आमच्या गटातल्या बायका, ज्या पहिल्या तासात चुळबुळत होत्या, त्या तिथं गप्प झाल्या. आवाज असा की भिंतीला टेकलेली माणसं सरळ बसली. पटवर्धन शीतलच्या आईशीही बोलतात. ती आई आपल्यासारखीच, कष्ट करून लेकरं वाढवलेली. लेकीचा मार्ग अवघड आहे हे तिला कळतं आणि लेक चुकीचं बोलत नाही हेही कळतं. आई म्हणून ही ओढाताण कुणाला चुकली आहे?

चित्रपट पुरा होत असतानाच या मुलांवर नक्षलवाद्यांशी संबंध असल्याचा आरोप झाला, काहींना अटक झाली, काही भूमिगत झाले. २ एप्रिल २०१३ रोजी शीतल आणि तिचे पती सचिन माळी मुंबईत विधानभवनासमोर आले, आणि पोलिसांच्या स्वाधीन झाले. शीतल तेव्हा गरोदर होती. त्याच वर्षी जूनमध्ये तिला उच्च न्यायालयातून जामीन मिळाला. सचिन माळी आणि आणखी दोघांना सर्वोच्च न्यायालयानं २०१७ मध्ये जामीन दिला. ते कोर्टाचं काम कोर्टात. मला एवढंच सांगायचं आहे की गाणं ही गंमतीची गोष्ट नाही. डफ हातात घेतल्यावर त्याची किंमत मोजावी लागते, आणि बाईला ती पोटातल्या पोरासकट मोजावी लागते.

या चित्रपटात मला काही खटकलंही. तीन तास म्हणजे आपल्यासारख्यांना फार होतात. नेते येतात, भाषणं येतात, मध्ये मध्ये कोण कुठल्या पक्षाचा हे ध्यानात राहत नाही. आणि पटवर्धन बाहेरून आलेले आहेत, कॅमेरा त्यांच्या हातात आहे, काय ठेवायचं काय कापायचं हे त्यांनी ठरवलं. चौदा वर्षं ते पुन्हा पुन्हा त्याच माणसांकडं गेले, पुरा झाल्यावर चित्रपट वस्त्यांमध्ये मोकळ्यावर दाखवला, हे त्यांचं मोठेपण. तरी वस्तीतल्या बाईनं स्वतः कॅमेरा धरला असता तर तिनं काय दाखवलं असतं, हा प्रश्न माझ्या मनात राहिला. तिनं कदाचित सभेपेक्षा सभेच्या आधीचा स्वयंपाक दाखवला असता. दोनशे माणसांचं पिठलं-भात कुणी शिजवलं, ते दाखवलं असतं.

हा प्रश्न आता आपल्या दारात आहे. जयंती असो, शिवजयंती असो, गणपती असो, गावची जत्रा असो, सगळीकडं एकच आवाज झाला आहे. डीजेच्या भिंती. छातीत धडधड होते, म्हातारी माणसं दारं लावून बसतात, तान्ही पोरं दचकतात. वर्गणी घरटी गोळा होते, आणि त्यातला मोठा वाटा त्या एका रात्रीच्या आवाजावर जातो. ज्या जयंतीनं जलसा दिला, जिनं पुस्तकं घरात आणली, तिथंही मिरवणुकीत पोरं पुढं नाचतात आणि बाया मागं चालतात. हे मी एका समाजाला बोलत नाही. आमच्या जत्रेत भजनाची साथ मोडली, तमाशाच्या जागी ऑर्केस्ट्रा आला, हलगीवाला आता वरातीपुरता उरला. ‘त्यांचं’ आणि ‘आपलं’ दोन्ही एकाच भिंतीखाली गाडलं जात आहे.

आणि मुळशीकडं गमावण्यासारखं खूप आहे, बायांनो. हेमा राईरकर आणि गी पॉइटविन या दोघांनी पुण्याजवळच्या डोंगरी गावांपासून जात्यावरच्या ओव्या गोळा करायला सुरुवात केली. मुळशी आणि मावळातल्या बायकाच त्यांच्याबरोबर गावोगाव फिरल्या, त्यांनीच दुसऱ्या बायकांना बोलतं केलं. पुढं महाराष्ट्रभर हे काम गेलं आणि एक लाखाहून जास्त ओव्या जमल्या. त्यातल्या पुष्कळ आता ‘पारी’ या संकेतस्थळावर वाचता येतात, काही ऐकताही येतात. सीतेच्या वनवासाच्या आहेत, भावाच्या आहेत, सासूच्या जाचाच्या आहेत. पिठाची गिरणी गावात आली आणि जातं कोपऱ्यात गेलं. जातं थांबलं तशी ओवीही थांबली. त्या वेळी या माणसांनी धाव घेतली नसती तर आपल्या आज्यांचं हे सगळं शहाणपण पिठासारखं उडून गेलं असतं. त्या ओव्या कुण्या एका जातीच्या नाहीत. मराठा बाईची सीता आणि बौद्ध बाईची रमाई, दोघी एकाच जात्याच्या खुंट्याला धरून रडल्या आहेत.

विलास घोगऱ्यांचा आवाज योगायोगानं राहिला. आपण योगायोगावर का सोडायचं? आज प्रत्येकीच्या घरात फोन आहे. म्हणून हे काम आपण करू या, आणि नीट करू या.

गावातली गाणारी म्हातारी शोधा. ओवी म्हणणारी असेल, भजनातली असेल, जयंतीला पाळणा म्हणणारी असेल, हलगीवर बोल धरणारा एखादा आजोबा असेल. आधी नुसत्या भेटायला जा. पहिल्याच दिवशी फोन पुढं केलात तर ती लाजेल आणि गाणं घशातच अडकेल. तिला विचारा, “आजी, तुमचं गाणं जपून ठेवलं तर चालेल का? कुणाला ऐकवलं तर चालेल का?” ती हो म्हणाली तरच पुढं जा. घरच्यांपुरतं ठेव म्हणाली, तर घरच्यांपुरतंच ठेवा, गटाच्या व्हॉट्सअपवर टाकू नका.

रेकॉर्डिंग करताना पंखा बंद करा, फोन फ्लाइट मोडवर ठेवा, नाहीतर मधेच लेकाचा फोन येतो आणि ओवी तुटते. फोन हातात हलवत बसू नका, तिच्यापासून हातभर अंतरावर ठेवा. घरात जातं असेल आणि तिला झेपणार असेल तर मूठभर दाणे घालून जातं फिरवायला सांगा. जात्याची घरघर ही त्या ओवीची पेटी आहे, तिच्याशिवाय चाल सापडत नाही.

सुरुवातीला तुमच्या आवाजात तारीख सांगा, गाव सांगा, आणि तिची परवानगी असेल तर तिचं पूर्ण नाव सांगा. आपण बायकांची नावं टाकून देतो. ‘पाटलांची आजी’ असं लिहू नका, तिला नाव आहे. माहेर कुठलं, गाणं कुणाकडून शिकली, कधी म्हणायची, तेही विचारा. मधेच एखादी ओळ चुकली तर सुधारू नका. तिची ओळ म्हणजे तिची ओळ. आणि रेकॉर्डिंग एकाच फोनवर ठेवू नका, फोन पाण्यात पडतो, चोरीला जातो. एक प्रत पेन ड्राइव्हवर काढा, एक तिच्या नातवाला द्या. नातू आज ऐकणार नाही. आजी गेल्यावर ऐकेल.

‘जय भीम कॉम्रेड’ आपल्या गावात दाखवायचा असेल तर दोन संध्याकाळी दाखवा, एका बैठकीत नको. लहान मुलांना पहिल्या भागाला बसवू नका, त्यात मेलेली माणसं दिसतात. गटातल्या सगळ्या जातींच्या बायकांना बोलवा, आणि संपल्यावर लगेच उठू नका. एकच प्रश्न टाका : “आपल्या गावच्या जत्रेत कोण कुठं उभं राहायचं?” मग बघा, म्हाताऱ्या कशा बोलत्या होतात. आमच्याकडं तीच बाई, जिनं “हे त्यांचं” म्हटलं होतं, ती शेवटी म्हणाली, “माझी आई जात्यावर जे गायची ते मी कधी लिहून घेतलं नाही.” त्या रात्री तिनं दोन ओव्या म्हणून दाखवल्या. शेजारी बसलेल्या बौद्ध वहिनींना तिसरी येत होती, त्यांनी पुढं धरली.

मोठा कॅमेरा घेऊन चौदा वर्षं फिरायला आपल्याला जमणार नाही. पण एका पावसाळ्यात, शेतीची लावणी उरकल्यावर, प्रत्येक वाडीतून एका आजीचं एक गाणं आपण नक्की जपू शकतो. ज्या जणी करतील त्यांनी आम्हाला कळवा. आजीची परवानगी असेल तर ते गाणं आपण याच रेडिओवरून ऐकवू, तिचं नाव घेऊन.

आता रजा घेते. दिवाबत्तीची वेळ झाली, तुमचीही आणि माझीही. नमस्कार, आणि जय भीम.